शीळ कस्तूर : ऐकण्याचा एक पाठ
(इयत्ता चौथी व पाचवी. विषय : परिसर अभ्यास)



पक्ष्यांवरील पाठ घ्यावयाचा म्हटला म्हणजे आपण सामान्यतः भिंतीवर तक्ता टांगतो आणि छडीने एकेक चित्र दाखवीत जातो. हा मोर, हा पोपट, ही साळुंकी. मुले नावे पाठ करतात आणि तासिका संपते. या पद्धतीत डोळ्यांना काम मिळते, पण कान रिकामे राहतात. वास्तविक घाटमाथ्यावरील मुलाला रानातील निम्म्याहून अधिक पक्षी ठाऊक असतात ते आवाजावरून. दाट झाडी, धुके आणि पाऊस यांच्यामुळे तेथे पक्षी दिसणे कठीण आणि ऐकू येणे सोपे असते. म्हणून केवळ कानांच्या आधारे शिकविता येईल असा एक पाठ प्रस्तुत लेखात मांडला आहे. त्यासाठी निवडलेला पक्षी म्हणजे आपल्या सह्याद्रीतील शीळ कस्तूर होय. मलबारी शीळ कस्तूर असेही त्याला म्हणतात.

पाठाकडे वळण्यापूर्वी माझ्या हातून घडलेली एक चूक येथे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण या पाठाचा उगम त्या चुकीतच आहे.

एक चूक

१९९४ साली घाटमाथ्यावरील एका एकशिक्षकी शाळेत माझी नेमणूक झाली होती. जुलै महिना होता. पाऊस आठवडाभर थांबला नव्हता. चार इयत्तांची मुले एकाच खोलीत बसत. खिडकीपाशी एका लांबच्या वाडीवरचा, चौथीतला मुलगा बसे. तो उशिरा येई, कमी बोले आणि विचारल्याशिवाय मान वर करीत नसे. एके दिवशी गणिताच्या तासाला खिडकीच्या बाजूने शीळ ऐकू आली. एखादे उनाड पोर खिशात हात घालून, कुठले तरी गाणे अर्धवट आठवत शीळ वाजविते, तशीच ती होती. मुले हसली. मी त्या मुलाला उभे केले आणि विचारले, "शीळ का घातलीस?" तो काहीच बोलला नाही. मी त्याला बाहेर पडवीत उभे राहण्यास सांगितले. पाच मिनिटांनी पुन्हा तीच शीळ आली, आणि ती बाहेरून आली. हा सरळसरळ उद्धटपणा आहे असे समजून मी बाहेर गेलो आणि त्याच्या हातावर दोन छड्या मारल्या.

दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही. चार दिवस वाट पाहून पाचव्या दिवशी मी त्याच्या वाडीकडे निघालो. वाटेत एक ओढा होता. त्यावरच्या लाकडी साकवावर पाऊल ठेवले आणि तीच शीळ पुन्हा ऐकू आली, तोच अडखळता सूर आणि तेच अर्धवट गाणे. मुलगा इथेच कुठे तरी असावा म्हणून मी सभोवार पाहिले. माणूस कोणी नव्हते. पाण्याच्या कडेला एका ओल्या खडकावर साळुंकीएवढा एक काळा पक्षी बसला होता. क्षणभर त्याच्या खांद्यावर निळी झाक चमकली आणि तो झुडपात नाहीसा झाला.

वाडीवर पोहोचलो तेव्हा मुलगा नाचणीच्या लावणीत होता. त्याची आजी म्हणाली, "गुरुजी, ते पाखरू हाय. पावसाळाभर वाजतंय." मी मुलाला विचारले, "मग तू मला सांगितले का नाहीस?" तो खाली पाहत म्हणाला, "तुमी इचारलंच न्हाई."

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. शीळ त्याने घातली काय, असे मी विचारलेच नव्हते. मी विचारले होते ते "का घातलीस?" असे. माझ्या प्रश्नातच निकाल देऊन झाला होता. प्रश्न कसे विचारावेत यावर अध्यापक विद्यालयात मी चांगले गुण मिळविले होते, पण प्रश्नाचा खरा धडा मला त्या बांधावर मिळाला.

परतताना मुलगा ओढ्यापर्यंत सोबत आला. एका लहान धबधब्याच्या आडोशाला असलेली कपार त्याने मला लांबूनच दाखविली. तेथे शेवाळाचे घरटे होते. मी पुढे सरकू लागताच त्याने हात आडवा धरला. "जवळ नको गुरुजी. ते उडून जाईल, अंडी गार पडतील." वर्गात ज्याच्या तोंडून शब्द निघत नसे, तो मुलगा त्या पक्ष्याविषयी मला अर्धा तास सांगत राहिला. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला. मी सर्व मुलांसमोर माझी चूक कबूल केली आणि परिसराचा तास त्याला घ्यावयास लावला.

पक्ष्याची ओळख

शिक्षकाला विषयाची माहिती पाठापेक्षा अधिक असावी, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

शीळ कस्तूर सुमारे २५ सेंटिमीटर लांबीचा असतो. सावलीत तो पूर्ण काळा वाटतो. परंतु उन्हाची तिरीप पडली की कपाळावरचा आणि खांद्यांवरचा निळा रंग एकदम चमकू लागतो. चोच व पाय काळे असतात. नर व मादी दिसावयास सारखीच असतात. पिलांचा रंग तपकिरीकडे झुकणारा असून त्यांच्या कपाळावर निळा पट्टा नसतो. पक्ष्यांच्या अंगावरील असा निळा रंग रंगद्रव्याचा नसतो. पिसांच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश पडून तो विखुरतो व त्यामुळे निळेपणा दिसतो. म्हणूनच अंधाऱ्या घळीत तो दिसेनासा होतो. ही गोष्ट पाचवीच्या मुलांना सहज समजते.

त्याचे शास्त्रीय नाव मायोफोनस हॉर्सफिल्डी असे आहे. त्याचे शास्त्रीय वर्णन १८३१ साली प्रसिद्ध झाले आणि थॉमस हॉर्सफिल्ड या निसर्गअभ्यासकाचे नाव त्याला देण्यात आले. पूर्वी त्याची गणना कस्तूर कुळात होत असे. पेशींतील आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीनंतर अभ्यासक आता त्याला माशीमार पक्ष्यांच्या कुळात ठेवतात. नाव मात्र कस्तूर असेच रूढ राहिले आहे.

इंग्रजी अमलात आपल्या घाटांत राहिलेल्या साहेब लोकांनी त्याला 'शीळ घालणारा शाळकरी' असे टोपणनाव दिले होते. हे नाव मी फार वर्षांनी वाचले. मी एकटाच फसलो नव्हतो हे पाहून मला हसू आले. पण त्या साहेबांनी कोणाच्या हातावर छडी मारली नव्हती, हेही लगेच लक्षात आले.

राहण्याचे ठिकाण

गुजरातेतील डांगच्या डोंगरांपासून केरळपर्यंत संपूर्ण सह्याद्री हे या पक्ष्याचे मुख्य घर होय. याशिवाय सातपुडा, पचमढी, अबूचा पहाड आणि पूर्व घाटाचा काही भाग येथेही तो आढळतो. आपल्याकडे माथेरान, भीमाशंकर, महाबळेश्वर, आंबोली अशा ठिकाणी पावसाळ्यात त्याची शीळ हमखास कानी पडते.

त्याला तीन गोष्टी लागतात : वाहते पाणी, ओला खडक आणि दाट सावली. ओढ्याकाठची झुडपे, कारवीचे रान, जांभूळ व अंजनीच्या झाडांखालचा काळोख, शेवाळलेली दरड अशा जागी तो वावरतो. एकटा किंवा जोडीने असतो, थव्याने कधी हिंडत नाही. चाहूल लागताच आडोशाला जातो. म्हणून ज्यांच्या शेताशेजारी तो आयुष्यभर गातो, अशा माणसांनीही त्याला एकदोनदाच पाहिलेले असते.

येथे भूगोलाशी सांधा जोडावा. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि घाट उतरून पूर्वेला वाईस यावे, तर तो हजाराच्या आत येतो. ढग पश्चिमेकडून येऊन डोंगराला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि माथ्यावर रिकामे होतात. शीळ कस्तूर कोठे राहतो आणि कोठे राहत नाही, हे मुलांनी नकाशावर पाहिले की पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणजे काय ते निराळे शिकवावे लागत नाही.

शीळ आणि हाक

या पक्ष्याचे दोन आवाज मुलांना वेगवेगळे ओळखता आले पाहिजेत.

पहिला आवाज म्हणजे शीळ. ती नर घालतो. माणसाच्या शिळेसारखी ती सुरेल असते. चार सूर वर जातात, दोन खाली येतात, मध्येच थांबतात आणि वेगळ्याच ठिकाणाहून पुन्हा सुरू होतात. गाणे कधी पूर्ण होत नाही. पहाटे, फटफटण्याच्या आधीपासून तो बराच वेळ गात राहतो. उन्हाळ्यात ही शीळ ऐकू येऊ लागते व पावसाळ्यात तिला भर येतो. थंडीच्या महिन्यांत तो बहुधा मूक असतो.

दुसरा आवाज म्हणजे हाक. ती बारीक, धारदार आणि एकसुरी असते. 'क्री' अशी ती साधारणपणे उच्चारता येईल. उडताना किंवा धोका जाणवल्यास तो ती देतो. ओढ्याच्या पाण्याचा घोष मुख्यतः खालच्या पट्टीत असतो, तर ही हाक वरच्या पट्टीत असते. म्हणून पाण्याच्या गजरातूनही ती स्पष्ट ऐकू येते. भजनात पखवाज वाजत असताना टाळ वेगळे ऐकू येतात, तसेच हे आहे. मुलांना हा दाखला लगेच पटतो.

अन्न व वीण

कीटक, गांडुळे, गोगलगायी, लहान बेडूक आणि ओढ्यातील खेकडे हे त्याचे अन्न होय. रानातील लहान फळेही तो खातो. कठीण कवचाचा जीव मिळाला तर तो खडकावर आपटून फोडतो. पाऊस सुरू झाला की हे सर्व जीव विपुल होतात, आणि पिलांना भरविण्यास तोच काळ योग्य असतो. फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत वीण चालते, पण तिचा भर नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या आगमनाबरोबर असतो. पक्षी पावसात का गातो या मुलांच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे.

घरटे ओढ्याच्या काठी, धबधब्याजवळच्या कपारीत किंवा मुळांच्या बेचक्यात असते. शेवाळ, बारीक मुळ्या व चिखल यांची ती एक वाटी असते. मादी २ ते ४ अंडी घालते. नर व मादी दोघेही ती उबवितात आणि १६ ते १७ दिवसांनी पिले बाहेर येतात.

पाठाची आखणी

*उद्दिष्टे :* (१) परिचित आवाजांत भेद करता येणे. (२) सजीव व त्याचे निवासस्थान यांचा संबंध सांगता येणे. (३) पुरावा मिळेपर्यंत निष्कर्ष न काढण्याची सवय लागणे.

*साहित्य :* जिल्ह्याचा नकाशा, फळा, खडू, वही. पक्ष्याचे चित्र पाठाच्या शेवटीच दाखवावे.

*पूर्वतयारी :* सर्व मुलांना डोळे मिटून तीन मिनिटे शांत बसवावे. नंतर त्यांनी ऐकलेले आवाज फळ्यावर दोन स्तंभांत लिहावेत, एकात 'ऐकले ते' आणि दुसऱ्यात 'कोणाचे असावे असे वाटते ते'. हे दोन स्तंभ पाठाचा गाभा आहेत. मुले प्रथम दोन्हींची गल्लत करतात. कोणी म्हणतो, "गाडी ऐकली." त्याला विचारावे, "गाडी ऐकलीस, की घरघर ऐकलीस?" थोड्या वेळाने मुले आपण होऊन दुरुस्ती करू लागतात.

*विषयप्रतिपादन :* पुढील धर्तीवर संभाषण व्हावे.

शिक्षक : पावसाळ्यात ओढ्याकडून शीळ ऐकू येते. कोणी ऐकली आहे?
विद्यार्थी : मी ऐकली, गुरुजी. पहाटे ऐकू येते.
शिक्षक : ती माणसाची नाही हे तुला कशावरून वाटते?
विद्यार्थी : एवढ्या पावसात, अंधारात तेथे कोण जाणार? आणि ते गाणे कधी पुरे होत नाही.
शिक्षक : शाबास. आणखी कोणती खूण?
दुसरा विद्यार्थी : शीळ एकदा खडकावरून येते आणि लगेच झाडावरून. माणूस इतक्या लवकर जात नाही.

शिक्षकाने उत्तर पुरवू नये. "कशावरून?" हा एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारावा. त्यानंतर राहण्याचे ठिकाण, अन्न व वीण यांची माहिती मुलांकडूनच काढून घ्यावी. उणे राहील तेवढेच आपण सांगावे. वाडीवरून, धनगरवाड्यावरून येणारी मुले या पाठात सहसा पुढे असतात. त्यांची बोली सुधारण्याची घाई या तासिकेत करू नये. मुलाने "पाखरू वाजतंय" म्हटले, तर फळ्यावर तेच लिहावे. 'पक्षी गातो' हे भाषेच्या तासाला शिकविता येईल.

*उपयोजन :* मुलांनी आठवडाभर घरी नोंद ठेवावी. शीळ कोणत्या वेळी ऐकली, पाऊस होता की उघडीप, आवाज कोणत्या दिशेने आला, हे लिहावे. आठवड्याअखेर सर्व नोंदी गावाच्या नकाशावर खुणांनी मांडाव्यात. खुणा ओढ्याच्या रेषेवर जमलेल्या दिसतात. ते पाहताना मुलांच्या चेहऱ्यावर जे येते, ते कोणत्याही तक्त्याने येत नाही.

जिल्ह्याच्या पूर्वेकडील कोरड्या भागात हा पक्षी भेटणार नाही. तेथील शिक्षकांनी हाच पाठ दयाळ पक्ष्यावर घ्यावा. तो गावातल्या झाडांवर उन्हाळ्यात पहाटे गातो. पद्धती तीच राहील.

दक्षता

१. भर पावसात मुलांना ओढ्यात किंवा धबधब्याजवळ नेऊ नये. डोंगरावर पाऊस झाला की ओढ्याचे पाणी अचानक चढते. शीळ लांबून ऐकू येते, त्यामुळे रस्त्याच्या कडेला किंवा गावाच्या वेशीवर उभे राहिले तरी पुरे.

२. घरटे शोधावयास मुलांना पाठवू नये. कोणाला ठाऊक असेल तर त्याने लांबूनच दाखवावे.

३. मोबाइलवर या पक्ष्याची शीळ वाजवून त्याला बोलावू नये. विणीच्या काळात दुसरा नर आला असे समजून तो अस्वस्थ होतो आणि पिलांकडे त्याचे दुर्लक्ष होते. वर्गात ध्वनिमुद्रण ऐकविण्यास हरकत नाही.

४. हा पक्षी ऐकलेल्या चाली उचलतो, म्हणून पूर्वी त्याची पिले घरट्यातून काढून पिंजऱ्यात वाढवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा ठरला आहे. मुलांना कायद्याच्या आधी कारण सांगावे. पिंजऱ्यातला कस्तूर माणसाने शिकविलेले गाणे म्हणतो आणि रानातला स्वतःचे म्हणतो.

५. जागतिक पातळीवर आज या पक्ष्याची गणना संकटग्रस्त पक्ष्यांत होत नाही. पण ओढ्याच्या काठची झाडी तुटली, सावली गेली, पाणी आटले, तर त्या ओढ्यावरची शीळ थांबेल. २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली व राधानगरी ही चार आहेत. तथापि आपल्या गावचा ओढा कोणत्याही यादीत नसतो. त्याची राखण गावालाच करावी लागते.

स्वाध्याय

१. शीळ कस्तूर सावलीत काळा आणि उन्हात निळा का दिसतो?
२. त्याची शीळ आणि हाक यांत कोणते फरक आहेत?
३. तो पावसाळ्यात अधिक का गातो? दोन कारणे द्या.
४. तुमच्या गावाजवळील ओढ्याच्या काठी असलेल्या पाच झाडांची नावे घरच्या वडीलधाऱ्या माणसांना विचारून लिहा.
५. आवाज ऐकून तुमची चुकीची समजूत झाली असेल असा एक प्रसंग सांगा.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर प्रथम शिक्षकाने स्वतः द्यावे, अशी माझी विनंती आहे. मी ते नेहमी देतो. वर्गात कोपऱ्यात, खिडकीपाशी, मान खाली घालून बसणारा एखादा मुलगा किंवा मुलगी प्रत्येक शाळेत असते. ते मूल बोलत नाही, म्हणून त्याला काही ठाऊक नाही असे आपण धरून चालतो. शीळ कस्तूरही असाच आहे. तो समोर येत नाही, आणि त्याला बाहेर ओढून काढण्याने काही साधत नाही. आपण थोडे थांबलो आणि कान दिला तर तो आपल्या जागेवरूनच सारे सांगतो.

येत्या पावसाळ्यात हा पाठ घेऊन पाहावा. मुलांच्या नोंदवह्या शाळाभेटीच्या वेळी पाहावयास मला आनंद वाटेल. त्यांत मुलांनी काही लिहिले असेल आणि ते माझ्या माहितीशी जुळत नसेल, तर ते खोडू नये. "कशावरून?" एवढेच विचारावे.